एक वाफ काढायची, पण मायक्रोवेव्हमध्ये

आपल्याकडच्या भाजीच्या कृतीत एक वाक्य हमखास असतं: ‘झाकण ठेवून एक वाफ काढावी.’ किती मिनिटं, किती पाणी, कुणी सांगत नाही. आईला विचारलं तर ती म्हणायची, ‘वास बदलला की कळतं.’ तिची पद्धत ठरलेली. कढईवर ताट, ताटात वाटीभर पाणी, खाली मंद आच. भाजीतून निघालेली वाफ गार ताटाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीवरच पडतात. भाजी स्वतःच्या पाण्यात शिजते, वरून पाणी घालावं लागत नाही आणि खालीही लागत नाही.

माझ्या घरात मायक्रोवेव्ह आला आणि पहिली तीन-चार वर्षं तो चहा गरम करायचं कपाट होता. एकदा घाईत त्यात बटाटे उकडायला गेले. झाकण नाही, टोचे मारलेले नाहीत, वेळ अंदाजे बारा मिनिटं. बाहेर निघाले ते सुरकुतलेले, वातड गोळे. एक तर आतच फुटला होता. ‘यात काही शिजत नाही’ असं जाहीर करून मी पुन्हा कुकरकडे वळले. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की माझी चूक साधी होती: आई कढईवर जे ताट ठेवायची, तेच मी विसरले होते. मायक्रोवेव्हमध्ये वाफवणं म्हणजे झाकण आणि थांबणं. बाकीचं यंत्र करतं.

आत काय होतं, थोडक्यात

कुकर किंवा मोदकपात्रात खालचं पाणी उकळतं आणि त्याची वाफ पदार्थाला बाहेरून शिजवते. मायक्रोवेव्हमध्ये लहरी थेट पदार्थातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्यातून उष्णता तयार होते आणि वाफ पदार्थातूनच निघते. ती झाकणाखाली अडवली तर भाजी दोन्हीकडून शिजते. मोकळी सोडली तर भाजी वाळते. माझ्या बटाट्यांचं तेच झालं.

या लहरी पदार्थात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच पोचतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या गरम भागाकडून हळूहळू उष्णता घेतो. म्हणून यंत्र बंद झाल्यावरही शिजणं चालू असतं, आणि म्हणून ‘दोन मिनिटं झाकून ठेवा’ ही सूचना शोभेची नसते. मी तर तो वेळ शिजवण्याच्या वेळातच मोजते.

दुसरी अडचण म्हणजे आत सगळीकडे सारखी उष्णता नसते. घरगुती मायक्रोवेव्हची लहर जवळपास १२ सेंटिमीटर लांब असते. ती भिंतींवरून उलटते, स्वतःवरच आदळते आणि आत काही जागा तापट, काही थंड राहतात. विश्वास बसत नसेल तर उडदाचा पापड ठेवून दारातून बघा. एका जागी टरारून फुलतो आणि त्याला लागूनच कच्चा राहतो. तबकडी फिरते ती यासाठीच, पण तिचा मधला भाग फिरून फिरून तिथेच राहतो. म्हणून पदार्थ शक्यतो कडेने गोलाकार मांडायचा आणि मध्ये जागा मोकळी ठेवायची. वडाच्या फेऱ्या मारतो तसं.

(जाता जाता: ही सगळी भानगड सुरू झाली रडारमधून. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर १९४५ मध्ये मॅग्नेट्रॉनजवळ (रडारच्या लहरी तयार करणाऱ्या नळीजवळ) काम करत होते आणि त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. १९४७ मध्ये विक्रीला आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच होतं आणि वजन ३०० किलोच्या वर. आज आपण त्यावर फडकं घालून वर लोणच्याची बरणी ठेवतो.)

आधी आपलं यंत्र ओळखा

इंटरनेटवरची कृती ‘पाच मिनिटं’ म्हणते आणि आपली भाजी कच्ची राहते किंवा गाळ होते. त्याचं कारण बहुतेक वेळा वॅट असतं. वीस लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह ७०० ते ८०० वॅटचा असतो, मोठे ९०० किंवा त्याहून जास्त. यंत्राच्या मागच्या पट्टीवर दोन आकडे दिसतात. मोठा आकडा, १२०० च्या आसपासचा, म्हणजे यंत्र वीज किती खातं. लहान आकडा म्हणजे पदार्थाला किती ताकद मिळते. आपल्याला लहान आकडा हवा.

जुन्या यंत्राची ताकद कमी झालेली असू शकते, म्हणून एक चाचणी करून घ्या. काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर साधं पाणी घ्या आणि स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने त्याचं तापमान बघा. पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा, बाहेर काढून ढवळा, लगेच पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणा. २० अंश वाढले तर तुमचं यंत्र ७०० वॅटचं आहे. (तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२-४३ पर्यंतच जातो.)

थर्मामीटर नसेल तर कपात २०० मिलिलिटर साधं पाणी घ्या, त्यात लाकडी चमचा उभा ठेवा आणि उकळी कधी फुटते ते बघा. दीड मिनिटाच्या आसपास फुटली तर यंत्र जोरदार आहे. दोन मिनिटं लागली तर मध्यम. अडीचच्या पुढे गेलं तर पुढे दिलेल्या वेळांत चौथा हिस्सा वाढवा. लाकडी चमचा विसरू नका. अगदी गुळगुळीत कपात पाणी कधीकधी उकळी न फुटता शंभर अंशांच्या वर जातं आणि कप हलवला की एकदम उसळून हातावर येतं.

हिशोब सोपा आहे: कृतीतली मिनिटं गुणिले कृतीतले वॅट, भागिले आपले वॅट. या लेखातल्या सगळ्या वेळा ८०० वॅटच्या आहेत. माझ्याकडे पाच मिनिटं लागत असतील तर ७०० वॅटवर पावणेसहा लागतील.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. यंत्राची ताकद ठरलेली आहे आणि ती सगळ्या पदार्थात वाटली जाते. एका बटाट्याला पाच मिनिटं लागली तर चार बटाट्यांना पाचच लागतील असं होत नाही, दहा-अकरा लागतात. म्हणूनच मायक्रोवेव्ह दोघा-तिघांसाठी चपळ आहे आणि पंगतीसाठी आळशी. बारा माणसांची भाजी यात करायला जाऊ नका, कढई केव्हाही पुढे असेल.

भांडं आणि झाकण

बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं पसरट भांडं सगळ्यात चांगलं. खोलगट वाडगा नको. भाजीचा थर दोन पेरांपेक्षा जाड झाला की मधली भाजी मागे राहते. चिनी मातीचं साधं भांडं चालतं, पण सोनेरी किंवा रुपेरी काठ असलेलं नाही, ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या ताटल्या आपल्याकडे घरोघर असतात आणि दिसायला चिनी मातीसारख्या असतात. त्या यात तापतात आणि खराब होतात, त्यामुळे बाजूला ठेवा. स्टीलचे डबे, अ‍ॅल्युमिनियमची इडलीपात्रं, अ‍ॅल्युमिनियम फॉइल यांना वाफवायच्या कामात जागा नाही.

प्लॅस्टिकबद्दल माझं मत: डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की डबा उष्णतेने वाकणार-वितळणार नाही. भाजी गरम करायला तो चालेल, पण रोज वाफवायला मी काचच वापरते. हॉटेलातून आलेले पातळ डबे तर गरम करायलाही नकोत.

झाकणासाठी विकत काही आणायची गरज नाही. भांड्यावर बसेल अशी चिनी मातीची ताटली उलटी ठेवा आणि एका बाजूला बोटभर फट सोडा. घट्ट बंद झाकणाखाली वाफ कोंडते आणि ते उडू शकतं. ताटली नसेल तर स्वच्छ सुती पंचा ओला करून, घट्ट पिळून भांड्यावर टाका. ढोकळ्यासाठी मला पंचाच आवडतो, कारण त्यातून थेंब खाली टपकत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, ना झाकायला ना खाली अंथरायला. त्याची शाई आहे आणि तो पेटूही शकतो.

झाकण काढताना भांड्याची पलीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ आपल्या तोंडावर येणार नाही. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत प्रत्येकाचं मनगट एकदा पोळतंच.

एक भाजी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

फ्लॉवर-मटार घेऊ, कारण डब्याला आठवड्यातून एकदा तरी ती असतेच.

पाव किलो फ्लॉवरचे तुरे साधारण सुपारीच्या दुप्पट आकाराचे करा. सारखेपणा इथे कढईपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, कारण मध्ये ढवळायला कुणी नसतं. जाड दांडे उभे चिरा. मीठ-हळद घातलेल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून अळ्या बघा, मग चाळणीत निथळा. पुसून कोरडे करू नका, अंगाला लागलेलं पाणी कामाचं आहे.

पसरट भांड्यात तुऱ्यांचे दांडे बाहेरच्या बाजूला आणि फुलं आत अशी मांडणी करा. जाड भाग कडेला आले की तिथे जास्त उष्णता मिळते आणि नाजूक फुलं मधल्या थंड जागेत सुरक्षित राहतात. मूठभर मटार मधोमध. तळाशी पोह्याचे दोन चमचे पाणी. जास्त नको! वाटीभर पाणी घातलं तर यंत्र आधी ते पाणी तापवत बसतं आणि भाजी वाफवली न जाता उकडली जाते.

मीठ आत्ता घालू नका. कोरड्या भाजीवर पडलेल्या मिठाच्या जागी वरचाच थर जास्त तापतो आणि सुकट डाग पडतात. मीठ फोडणीत किंवा शेवटी.

ताटली ठेवून पूर्ण पॉवरवर तीन मिनिटं. बाहेर काढून एकदा वरखाली करा, सर्वांत जाड दांड्यात सुरीचं टोक घालून बघा. अजून दीड मिनिट. आता सुरी थोड्या जोराने आत जाते, मऊ लोण्यासारखी नाही, अशा अवस्थेत थांबा. झाकण न काढता दोन मिनिटं तसंच राहू द्या. उरलेली कसर तेवढ्यात भरून निघते. पूर्ण मऊ होईपर्यंत यंत्रात ठेवलं तर या दोन मिनिटांत तिचा गाळ होतो.

तेवढ्या वेळात गॅसवर कढईत फोडणी: चमचाभर तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, हिरवी मिरची. भाजी त्यात टाका, मीठ, गोडा मसाला, हवा तर गुळाचा खडा, आणि मोठ्या आचेवर मिनिट-दीड मिनिट परता. भांड्याच्या तळाशी उरलेलं चमचाभर पाणीही कढईत ओता. क जीवनसत्त्व आणि फोलेट (हे ब गटातलं एक जीवनसत्त्व) पाण्यात विरघळतात. भांडंभर पाण्यात भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं की त्यांचा बराच भाग तिकडे जातो. इथे पाणीच कमी, वेळही कमी, आणि जे सुटलं ते पोटातच येतं. तेलही वाचतं, कारण भाजी शिजेपर्यंत खाली लागू नये म्हणून जास्तीचं तेल घालावं लागत नाही.

फोडणी मायक्रोवेव्हमध्ये करायच्या कृती मिळतात. मी दोनदा करून पाहिल्या. मोहरी तडतडते खरी, पण घरभर जो वास सुटायला हवा तो सुटत नाही, आणि तेल फार तापलं तर कळतही नाही. ते काम गॅसचं.

कशाला किती वेळ

खालच्या वेळा पाव किलोच्या आहेत, वेगळं प्रमाण असेल तिथे लिहिलं आहे. पहिल्यांदा करताना सांगितल्यापेक्षा एक मिनिट कमी लावा. कमी शिजलेलं पुन्हा ठेवता येतं.

पालक, चवळई, मेथी: धुतल्यावर पानांना चिकटलेलं पाणीच पुरतं. दोन मिनिटं, थांबायचं नाही. लगेच झाकण काढा, नाहीतर हिरवा रंग काळपट होतो. पालक पनीरसाठी हीच पद्धत, बर्फाच्या पाण्याचा खटाटोप लागत नाही.

फरसबी, घेवडा, गवार: पाणी चार चमचे, पाच ते सहा मिनिटं. गवार जून असेल तर मायक्रोवेव्हची शक्ती व्यर्थ आहे, तिला कुकरच हवा.

गाजर, अर्धा इंचाचे तुकडे: तीन चमचे पाणी, पाच मिनिटं. बीट तसंच चिरून सात-आठ मिनिटं.

दुधी, लाल भोपळा, पडवळ: पाणी जवळपास नको, चार मिनिटं. भोपळ्याचं भरीत करायचं तर साल ठेवून मोठ्या फोडी करा आणि सहा मिनिटं द्या. मग चमच्याने गर निघतो, दही-मोहरी घालायला तयार.

शेवग्याच्या शेंगा, बोटभर लांबीच्या: पाव वाटी पाणी, सहा मिनिटं. आमटीत नंतर टाकल्या की डाळीबरोबर त्यांचा भुगा होत नाही.

मोड आलेली मटकी किंवा मूग, एक वाटी: तीन चमचे पाणी, चार मिनिटं आणि तीन मिनिटं झाकून. दाणा अख्खा राहतो, मिसळीच्या उसळीला हा अख्खेपणाच लागतो.

मक्याचं कणीस: सोलू नका. वरची एक-दोन मळकी पानं काढून, शेंडी कापून, एक कणीस साडेतीन मिनिटं. पानंच झाकणाचं काम करतात. तीन मिनिटं थांबून सोला, रेशे पानांबरोबर निघून येतात. पावसाळ्यात आमच्याकडे कणसासाठी कुकर निघतच नाही.

भेंडी मात्र वाफवू नका, तिची बुळबुळ होते. उलट करा: चिरून, पसरून, झाकण न ठेवता तीन मिनिटं. चिकटपणा सुकतो आणि मग कढईत पाच मिनिटांत कुरकुरीत होते. झाकण न ठेवण्याचाही उपयोग असतो, फक्त कुठे ते माहीत हवं.

वांग्याच्या भरताबद्दल: टोचे मारून सात मिनिटांत वांगं शिजतं, साल सहज निघतं, पण त्याला भरीत म्हणायला माझी जीभ वळत नाही. धूर कुठून आणणार?

बटाटा, ज्याच्यापासून सुरुवात झाली

मध्यम आकाराचे, शक्यतो सारखे बटाटे घ्या. धुऊन ओलेच ठेवा. काट्याने प्रत्येकाला सात-आठ ठिकाणी खोल टोचा. साल घट्ट असते, आत वाफ कोंडली की बटाटा फुटतो. टोचे हे त्या वाफेला दार आहे. भांड्यात कडेने मांडा, दोन चमचे पाणी, झाकण. दोन बटाट्यांना सात मिनिटं, अर्ध्या वेळेनंतर उलटे करा. चार असतील तर दहा-अकरा. मग पाच मिनिटं झाकून.

सुरी टोचताना मध्ये थोडी अडली तरी काढा, पाच मिनिटांत ती अडचण राहत नाही. हे बटाटे कुकरमधल्यांपेक्षा कोरडे असतात. कटलेट, पराठा, बटाटेवड्याचं सारण यांना हा कोरडेपणा वरदान आहे. रश्श्याला कुकरचेच चांगले लागतात.

रताळ्याला हाच नियम, पण टोकं बारीक असतात आणि ती आधी वाळून दगड होतात. टोकं छाटा किंवा ओल्या पंचाच्या पट्टीने गुंडाळा. एका मध्यम रताळ्याला पाच मिनिटं. उपासाच्या दिवशी ऑफिसला निघताना एवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

वड्या आणि ढोकळा

कोथिंबीर वडी मायक्रोवेव्हमध्ये इतकी चांगली होते की मी आता चाळणी काढत नाही. दोन कप बारीक चिरलेली कोथिंबीर, एक कप बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरची-लसणाचा ठेचा, हळद, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, चमचाभर तेल. पाणी अंदाजे, साधारण अर्धा कप, पण हळूहळू. नेहमी उंडे वळायला घेतो त्यापेक्षा पीठ सैल ठेवा, जाड भज्याच्या पिठासारखं. कारण इथे बाहेरून येणारी वाफ नाही, शिजायला लागणारं पाणी पिठातच असायला हवं. घट्ट पिठाच्या वड्या वातड होतात.

तेल लावलेल्या चौकोनी काचेच्या भांड्यात पेरभर जाडीचा थर द्या, वरून तीळ, ओला पिळलेला पंचा. पाच मिनिटं. मधोमध सुरी घालून बघा, पीठ चिकटलं तर आणखी मिनिटभर. पाच मिनिटं झाकून, मग पूर्ण गार. गरम असताना कापल्या तर तुटतात, आणि यात घाई करणारी मी पहिली नाही. तव्यावर थोड्या तेलात परतून खा.

ढोकळा: एक कप बेसन, पाऊण कप पाणी, चमचाभर लिंबाचा रस, चमचाभर तेल, एक चहाचा चमचा साखर, मीठ, आलं-मिरची. गुठळ्या मोडून दहा मिनिटं ठेवा. ईनोचा एक चहाचा चमचा अगदी शेवटी, एकाच दिशेने हलकेच ढवळा आणि लगेच तेल लावलेल्या भांड्यात ओता. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, तो चढतो. चार ते साडेचार मिनिटं, पाच मिनिटं झाकून. मायक्रोवेव्हचा ढोकळा लवकर सुकतो, त्यामुळे फोडणीत पाव कप पाणी आणि चमचाभर साखर घालून ती उकळी गरम ढोकळ्यावर ओतायचीच.

मोदकांचं खरं सांगते. उकड मायक्रोवेव्हमध्ये छान निघते: कपभर पाणी, मीठ, चमचाभर तूप उकळवा, कपभर मोदकाचं पीठ घालून ढवळा, झाकून एक मिनिट चालवा, पाच मिनिटं मुरू द्या, मळा. अंगारकीला पाच मोदक हवेत तर ते वाफवताही येतात. प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढा, ओल्या हळदीच्या किंवा केळीच्या पानावर ठेवा, वर ओला पंचा, तीन मिनिटं. ते गरमच खायचे, गार झाले की पारी कडक होते. गणेश चतुर्थीच्या एकवीस मोदकांना मोदकपात्रच.

अळुवडीला मी मायक्रोवेव्ह वापरत नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज त्यानेच सुटते. चिंच आणि भरपूर वाफ दोन्ही लागतात. गुंडाळीच्या मधला भाग इथे कमी शिजण्याची शक्यता जास्त, आणि घशाशी पैज कशाला?

पापलेट, केळीच्या पानात

पारशांच्या पात्रा नी मच्छीची ही सोपी सावली. केळीचं पान आधी पंधरा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. ते लवचिक होतं, गॅसवर धरून शेकायची गरज नाही. मधली जाड शीर काढा. पापलेटच्या बोटभर जाडीच्या चार तुकड्यांना हळद, मीठ, लिंबू लावा, दोन्ही बाजूंना ओलं खोबरं-कोथिंबीर-मिरचीची चटणी थापा, पानात गुंडाळा. दोऱ्याने बांधा किंवा लाकडी टूथपिक लावा. स्टेपलरची पिन नको.

इथे पॉवर ७० टक्के. मासा फार लवकर शिजतो आणि पूर्ण पॉवरवर कडा रबरासारख्या होतात. चार ते पाच मिनिटं, दोन मिनिटं तसंच. पान उघडून जाड तुकड्याचं मांस काट्याने उचला. ते पांढरं, अपारदर्शक असावं आणि पाकळ्या सुट्या व्हाव्यात. कोळंबी पाव किलो अशीच, पण तीनच मिनिटं. गोल वळली की बंद करा.

हे करू नका

सालासकट अंडं कधीच ठेवू नका. आत फुटलं तर बरं, कधीकधी बाहेर काढल्यावर हातात फुटतं. उकडलेलं अंडं सोलूनही यात गरम करायचं नाही. सुक्या लाल मिरच्या भाजायला ठेवल्या तर दार उघडताच डोळे आणि घसा धरतो.

राजमा, छोले, सुक्या डाळी यांचं काम कुकरचं. राजम्यात असलेलं एक विषारी प्रथिन नीट उकळल्याशिवाय जात नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये कडधान्य शिजवून वेळही वाचत नाही. फ्रीझरमधलं चिकन थेट वाफवायला ठेवू नका. बर्फ या लहरी फार कमी शोषतो आणि पाणी भरपूर, म्हणून कडा शिजतात आणि मध्ये गोठलेलंच राहतं. आधी फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्या.

‘किरणं अन्नात राहतात का?’ हा प्रश्न सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. राहत नाहीत. दिवा बंद केल्यावर उजेड खोलीत राहत नाही तसंच. दाराची काच तडकली असेल किंवा दार नीट बसत नसेल तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

सकाळची पंचवीस मिनिटं

भाज्या रात्रीच चिरून डब्यात. सकाळी उठून पहिलं काम: भाजी मायक्रोवेव्हमध्ये. ती वाफते तोवर कणीक मळायची. घंटी वाजली की भाजी आतच राहू द्यायची, थांबण्याचा वेळ तिथेच जातो. एका शेगडीवर तवा, दुसरीवर फोडणी. भाजी कढईत गेली की रिकाम्या यंत्रात कोशिंबिरीसाठी बीट किंवा दुपारसाठी रताळं. वीज किती जाते, तर १२०० वॅट खाणारं यंत्र पाच मिनिटं चाललं म्हणजे युनिटचा दहावा हिस्सा.

मासे केले त्या दिवशी रात्री वाडग्यात कपभर पाणी आणि पिळलेलं अर्धं लिंबू, सालासकट, तीन मिनिटं. पाच मिनिटं दार उघडू नका, वाफ भिंतींवर बसू द्या. मग फडक्याने पुसा, तबकडी काढून घासा आणि दार रात्रभर किलकिलं ठेवा.